पंख्याखाली सुचलेली चाल

“आपण काय बुवा, पाहुणे कलाकार!” असं म्हणून तो दोन्ही तळहात समोरच्याला दाखवायचा आणि एक पाऊल मागं सरकायचा. टँकरचा पाइप धरायला माणूस हवा असला की हे वाक्य. गणपतीचा मांडव उतरवायचा असला की हेच वाक्य. सख्ख्या सासऱ्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, सगळे उन्हात ताटकळले होते, तेव्हाही हा रुमालानं मान पुसत हेच बोलला आणि लिंबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आयुष्यात एकदाच, तेही मोजकी मिनिटं उजेडात आलेला, आणि उरलेला जन्म त्या मिनिटांच्या जिवावर मिरवणारा. आमचा हा टीव्हीवर आला होता. एकदाच. पण कॉलनीतल्या कुत्र्यांनासुद्धा ते पाठ झालं होतं.

त्या काळी घरोघरी केबल नवीन होती आणि संध्याकाळी कौटुंबिक विनोदी हिंदी मालिका लागायच्या. एक दिवाणखाना, एक सोफा, एक खाष्ट सासू आणि वाक्यावाक्याला मागून येणारं हसू. मधूनच एखाद्या भागात कुणी तरी प्रसिद्ध माणूस पाहुणा म्हणून यायचा, आणि पॉप गायकांची तेव्हा चलती असल्यामुळे बहुतेक वेळा गायकच यायचा. दारावरची बेल वाजते, सासू दार उघडते, बाहेर गिटार अडकवलेला गायक. त्याची गाडी नेमकी त्यांच्याच बिल्डिंगखाली बंद पडलेली. मुलगी चक्कर येऊन पडते, सासरा त्याला इलेक्ट्रिशियन समजतो, शेवटी तो गाण्याच्या दोन ओळी म्हणतो आणि जातो. पुढच्या गुरुवारी त्या घरात कुणाला त्याची आठवणही नसते. आठवण फक्त त्या गायकाला असते. आमच्याला तर शेवटपर्यंत होती.

आम्ही तिघं एका ऑर्केस्ट्रात होतो. तेव्हाचं औरंगाबाद एवढं पसरलेलं नव्हतं. लग्नाच्या मोसमात आम्ही पैठणपासून कन्नडपर्यंत मांडव गाजवायचो. मी दिवसा चिकलठाण्याच्या एका कंपनीत फिटर आणि सुट्टीच्या दिवशी ऑक्टोपॅड वाजवणारा. हा देवगाव रंगारीहून आलेला, आमच्याच कंपनीत टाइमकीपर आणि आमचा गायक. गळा बरा होता. बरा म्हणजे माइक चांगला असला तर बरा. केस मात्र उत्तम होते.

आणि तिसरे सलीमभाई, आमचे कीबोर्डवाले. आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, अंगानं किडकिडीत, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. त्यांच्या नानी जात्यावर दखनी गाणी म्हणायच्या. त्यांतली एक संथ चाल सलीमभाईंनी उचलली, तिची लय दुप्पट केली, माझ्याकडून तीन दिवस ठेका बसवून घेतला, आणि त्यावर सायकलवाल्या मुलीचं एक गाणं तयार झालं. शहागंजातल्या बँडवाल्याच्या मागच्या खोलीत, पत्र्याखाली, घामाघूम होऊन. त्या खोलीत पंखा नव्हता. हे लक्षात ठेवा.

मुंबईच्या एका कॅसेटवाल्यानं ते गाणं घेतलं. कव्हरवर फोटो गायकाचा, नाव गायकाचं. सलीमभाई म्हणाले, “होता है.” गाणं त्या उन्हाळ्यात रिक्षारिक्षात वाजलं, आणि पावसाळ्यात त्या मालिकेकडून गायकाला बोलावणं आलं.

सोबत मी गेलो. कशाला, तर गिटार उचलायला. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, पण टीव्हीवर गळ्यात हवी होती.

सेटवर आम्हाला कागद मिळाले. त्याची तीन वाक्यं होती. त्यांतलं तिसरं कोरं होतं. घरातली आजी विचारते, “बेटा, ये धुन किसने बनाई?” आणि पुढं टिंबं. दिग्दर्शक म्हणाला, इथं जे खरं असेल ते नाव घ्या, लोकांना खरं आवडतं. मी तिथल्या तिथं एसटीडी बूथ शोधला आणि सलीमभाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. सलीमभाई धावत आले असावेत, कारण बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

“मेरा नाम? टीव्ही पे?”

“व्हय. तुमचंच.”

“अम्मी को बताऊं क्या?”

“सांगा की.”

त्या अम्मीला मुलाचा हा बाजा कधी आवडला नव्हता. लग्नातून नाचगाण्याला साथ करतो, हे ती नातेवाइकांपासून लपवायची. पण चाल तिच्या आईची होती. सलीमभाईंना एवढंच हवं होतं की एकदा कुणी तरी मोठ्यानं सांगावं, म्हणजे तिला मान खाली घालावी लागणार नाही. त्यांच्या साऱ्या आयुष्यात मी त्यांना दुसरं काही मागताना पाहिलेलं नाही.

शूटिंग सुरू झालं. आजीनं विचारलं, “बेटा, ये धुन किसने बनाई?”

यानं केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, “बस दादीजी, एक दिन पंखे के नीचे लेटा था, आ गयी!”

दिग्दर्शकाला ते फार आवडलं. इथं मोठं हसू टाकू, म्हणाला.

परतीच्या गाडीत मनमाड आलं. मग न राहवून विचारलं, “सलीमभाईंचं नाव का नाही घेतलंस?”

“अरे, नाव घेतलं की लोक इचारतेत, हा कोण? कॉमेडीत असं चालत नाय. टायमिंग जातं.” त्यानं पाय समोरच्या बाकावर टाकले. “आणि आपण काय, पाहुणे कलाकार. दोन मिनिटं यायचं, जायचं.”

असल्या माणसाला मी काय बोलणार होतो? बरंच काही बोलता आलं असतं. बोललो नाही. त्याहून वाईट म्हणजे, सलीमभाई स्टेशनवर घ्यायला आले होते, त्यांनी विचारलं, “बोला ना उसने?” आणि मी म्हणालो, “टीव्हीवर बघा ना आता.”

त्यांनी बघितलं. सगळ्या गल्लीनं बघितलं. कुणाचा तरी मोठा टीव्ही ओसरीत आणून ठेवला होता, पुढं सतरंजीवर अम्मी, मागं बायाबापड्या. मीही होतो, कारण न जाण्याचं कारण सापडलं नाही. पंख्याचं वाक्य आलं, हसू आलं, गाणं आलं, जाहिरात लागली. अम्मीला नीट ऐकू यायचं नाही. तिनं मागं वळून विचारलं, “आया क्या नाम?”

“आया अम्मी,” सलीमभाई म्हणाले. “जल्दी में आया, तुम सुने नहीं.”

मी चप्पल घालून बाहेर पडलो. त्या दिवसापासून मी त्या गायकाचा तिरस्कार करायला लागलो आणि त्यात खंड पडू दिला नाही.

त्यानंही त्यासाठी मदतच केली म्हणा. तीन महिन्यांत त्याची भाषा बदलली. देवगावचं ‘लई’ जाऊन ‘ॲक्च्युअली’ आलं. घरात गॉगल. ऑर्केस्ट्रात आता तो उशिरा यायचा, दोन गाणी म्हणायचा, तीही कॅसेट लावून ओठ हलवत, आणि उठायचा. वर्षभरात ऑर्केस्ट्रा मोडला. सलीमभाईंनी कीबोर्ड विकला आणि मोटारी भरायचं दुकान टाकलं. म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची. मी कंपनीतच राहिलो. पुढं शहर जालना रोडनं सुटलं, चिकलठाण्यापलीकडे प्लॉट पडले, आणि नशिबाचा खेळ बघा, मी आणि तो एकाच कॉलनीत, एकाच भिंतीला घर बांधून बसलो.

शहर वाढलं तसा त्याचा एक नवा धंदा सुरू झाला: उद्घाटनं. फरशीचं शोरूम, पाणीपुरी सेंटर, नवी रो-हाउसं, सगळीकडे फ्लेक्सवर याचा तरुणपणीचा फोटो आणि खाली ‘टीव्ही स्टार’. जाऊन रिबन कापायची, मोबाइल माइकला लावून तेच गाणं वाजवायचं आणि ओठ हलवायचे. आमच्या कॉलनीत बोअर घेतला तेव्हासुद्धा नारळ फोडायला हाच. गाणं वाजलं, टाळ्या झाल्या, मशीन सुरू झालं. सहाशे फुटांपर्यंत नुसता धुरळा निघाला. आमच्या तोंडावर, केसांवर, त्याच्या गॉगलवर. लोकांनी वळून त्याच्याकडे बघितलं तर त्यानं तळहात दाखवले. “आपण काय बुवा, पाहुणे कलाकार!”

मग लागोपाठ कोरडी वर्षं आली. जायकवाडीचा तळ उघडा पडला, नळ आठ-आठ दिवसांनी यायचा, टँकर आला की सगळी कॉलनी हंडे-ड्रम घेऊन रांगेत. तो रांगेत उभा राहायचा नाही. वहिनींना उभं करायचा. वहिनी म्हणजे त्याची बायको, गुडघे धरून चालणारी. तो गच्चीतून सूचना द्यायचा.

एकदा सकाळी मी रांगेत त्याच्या घराच्या भिंतीला टेकून उभा होतो. आतून न्हाणीघरातून गुणगुणणं ऐकू आलं. तेच गाणं, पण सायकलवाल्या मुलीचं नव्हे. संथ, जात्याच्या लयीत, शब्दांशिवाय. सलीमभाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला ऐकवलं होतं तसं, मधल्या त्या हलक्या वळणासकट, जे कॅसेटमध्ये आलंच नव्हतं. आवाज चिरका झाला होता, पण एक सूर चुकला नाही. म्हणजे याला सगळं आठवत होतं. तेवढा वेळ त्याचा तिरस्कार करणं मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात त्यानं खिडकी उघडून वहिनींना ओरडून सांगितलं, “अगं, दोन हंडे जास्त मार!” आणि मला बरं वाटलं.

त्याच वर्षी इथल्या एका केबल चॅनलनं घरगुती विनोदी मालिका काढली. टँकरच्या रांगेतलं एक कुटुंब, अशी कल्पना. पाण्यावाचून लग्नं आटोपशीर झाली होती, मंगल कार्यालयं रिकामी पडली होती. त्यांतल्या एकात स्टेज लावून, समोर खुर्च्यांवर लोक बसवून चित्रण व्हायचं. विनोद झाला की ‘ढिश्श’ वाजवायला त्यांनी मला बोलावलं. आणि एका भागात पाहुणा कलाकार कोण? दुसरा होताच कोण.

मी लेखकाला गाठलं. मालिकेतली आजी त्याला विचारते, ही चाल कुणी केली, एवढं एक वाक्य घाल म्हणालो. लेखक भला माणूस, त्यानं घातलं. मग मी सलीमभाईंच्या दुकानात गेलो. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली होती. सलीमभाईंची दाढी पांढरी झाली होती, बोटं तारेनं कापलेली.

“रविवारी संध्याकाळी चॅनल लावा,” मी सांगितलं. “या वेळी येईल.”

त्यांनी हातातली मोटार खाली ठेवली. “रहने दो मियां. अब किसको सुनाना है?” असं म्हणाले खरे. पण मी निघताना त्यांनी विचारलं, “कितने बजे?”

चित्रणाच्या दिवशी कार्यालय भरलं होतं. तो आला, गाणं वाजलं, ओठ हलले. आजीनं विचारलं, “काय रे बाबा, ही चाल बांधली तरी कुणी?”

माझे हात ऑक्टोपॅडवर थांबले होते. त्यानं गॉगल काढला. लोकांकडे बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि बोट केलं.

“ही चाल या माणसाची. आमचा रिदमवाला, दिनकर! वीस वर्षांत कधी एका शब्दानं बोलला नाय. आज मी सांगतो.”

लोक उभे राहिले. एवढ्या टाळ्या मी इतरांसाठी कितीदा ऐकल्या होत्या. माझ्यासाठी त्या पहिल्याच. आणि मी, ज्यानं वीस वर्षं त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तो मी उभा राहिलो, हात जोडले आणि वाकून नमस्कार केला.

नंतर मागच्या खोलीत मी त्याची कॉलर धरायच्या बेतात होतो. “हे काय केलंस तू?”

“काय केलं म्हंजे?” तो खरंच गोंधळला. मुंबईची भाषा गळून पडली. “वीस वर्सं तोंड पाडून बसलाय माझ्यासमोर. मला काय कळत नाय व्हय? म्हटलं, घे बाबा तुझं नाव एकदाचं.”

“मी सलीमभाईंसाठी...”

“सलीम? त्याला कुठंय राग? त्यो भेटला की हसतो. राग तर तुझ्या तोंडावर असतो.”

मी हात खाली घेतला. टाळ्या चालू असताना मला सलीमभाई आठवले होते का, असा प्रश्न कुणी विचारू नये, अशीच माझी इच्छा आहे.

रविवारला चार दिवस होते. चॅनलच्या ऑफिसवरून मी त्या चार दिवसांत दोनदा गेलो. आत जाऊन तेवढं वाक्य काढा म्हणता आलं असतं. सलीमभाईंना आधी सांगता आलं असतं. दोन्ही केलं नाही. भाग लागला. घरी बायकोनं शेजाऱ्यांना पेढे वाटले.

आठवड्यानं सलीमभाई रस्त्यात भेटले. त्यांनी सायकल थांबवली, माझा हात दोन्ही हातांत धरला. “मुबारक हो. बहोत बढिया दिखे तुम.” त्यात टोमणा आहे का, हे मी शोधत राहिलो. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गायकबुवा दोनच वर्षांनी गेले. सकाळी दाढी करता करता, अर्ध्या गालाला साबण तसाच. कॉलनीच्या सभागृहात शोकसभा झाली. भिंतीला त्याचा तो केसांचा फोटो, हार घातलेला. अध्यक्ष म्हणाले, आता त्यांच्या गाजलेल्या गाण्याची चाल बांधणारे त्यांचे परममित्र बोलतील. परममित्र म्हणजे मी. सलीमभाईंना मी सभेचं कळवलं नव्हतं. ते समोर बसले असते तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

पण त्या दिवशी मी बोललो. सरळ बोललो. “ती चाल माझी नाही. माझा त्यात फक्त ठेका आहे. चाल सलीमभाईंची, त्यांच्या नानींची. यानं दोनदा ते सांगायचं टाळलं, आणि दुसऱ्या वेळी मी त्याला साथ दिली.”

मग अध्यक्ष उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. “बघा! मित्र गेल्यावरसुद्धा हा माणूस स्वतःकडे मोठेपणा घेत नाही. याला म्हणतात कलावंत!” बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. वहिनींनी मला हात जोडले. मी पुन्हा माइककडे गेलो, पण तोवर दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली होती. सगळे माना खाली घालून उभे, मीही उभा.

दोन दिवसांनी सलीमभाई घरी आले. माझ्याकडे ते पहिल्यांदाच येत होते. बायकोनं टँकरच्या पाण्याचा चहा केला. शेजारच्या बंद दाराकडे बघत ते म्हणाले, “साल में चार दफा मोटर लेके आता था मेरे पास. जल गयी बोलता था. बोअर में पानीच नहीं, मोटर तो उसने कभी चलाईच नहीं. मैं खोलता, साफ करता, वापस देता. वो बैठा रहता. चाय पीता, इधर उधर का बोलता, उठ के चला जाता.” त्यांनी कप खाली ठेवला. “कुछ बोलने को आता था शायद. निकला नहीं मुंह से.”

मी तर जळकी मोटार घेऊनसुद्धा कधी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो नव्हतो.

जाताना त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. कात्रीनं कडा सरळ कापलेल्या, चार घड्या. शोकसभेची बातमी होती. ‘चाल बांधणाऱ्या मित्राने जागवल्या आठवणी’, असा मथळा. फोटोत भिंतीवर हार घातलेला तो, आणि त्याच्या शेजारी माइक धरलेला मी.

“संभाल के रखो,” सलीमभाई म्हणाले. “दोनों का अच्छा आया है.”